दुसऱ्या बॅटरीचा प्रश्न

लडाखमधली आमची पोस्ट साडेपंधरा हजार फुटांवर होती. मी तिथे दोन हिवाळे काढले. काम गाड्यांच्या मेकॅनिकचं, हुद्दा हवालदार. बेस खाली बावीस किलोमीटरवर, आणि मधे एक खिंड. त्या खिंडीमुळे बेसचा रेडिओ पोस्टला ऐकू येत नसे, पोस्टचा बेसला. म्हणून ज्या दिवशी खालून रसदीचा ट्रक निघे, त्या दिवशी पोस्टची एकुलती जीप खिंडीत जाऊन उभी राही. जीपमधला ऑपरेटर खालचा निरोप वर सांगे, वरचा खाली. याला आम्ही रिले म्हणायचो.

ऑपरेटर होता नाईक प्रकाश इंगळे. मेहकर तालुक्यातला, हिवरा आश्रमापासून चार किलोमीटरवरच्या गावचा. मी अमडापूरचा. साडेपंधरा हजार फुटांवर आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणे. दोघंच असलो की भाऊ.

जानेवारीतल्या एका दुपारी तो शेडमध्ये आला. दुसऱ्या दिवशी रिले होता. जीपला एकच बॅटरी. रेडिओचा सेट तिच्यावर आणि इंजिन सुरू करणारा सेल्फही तिच्यावर. थंडीत बॅटरीचा दम निम्मा होतो. शेल्फवर एक नवी बॅटरी पडून होती. प्रकाशचं म्हणणं, ती फक्त सेटसाठी बसवून द्या, म्हणजे गाडीच्या बॅटरीला हात लागणार नाही.

काम अर्ध्या दिवसाचं होतं. जेरीकॅनचं ब्रॅकेट काढून तिथे बैठक करावी लागली असती. पण अशा बदलाला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती, आणि आठ दिवसांवर इन्स्पेक्शन होतं.

"इन्स्पेक्शननंतर बसवू," मी म्हणालो.

"ठीक आहे उस्ताद," तो म्हणाला आणि गेला. जाताना खोकला. पोस्टवर सगळेच खोकत.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर रजेवर असल्याने जीप मी नेली. ०७४० ला निघालो, ०८५० ला खिंडीत. उंची साडेसोळा हजार. बर्फ गुडघ्याएवढा. गाडी सपाटीवर उभी केली, कारण अँटेनाला तीच जागा चांगली होती. डिझेल मोजकं होतं. आदेश होता: बॅटरी चार्ज होण्यापुरतं इंजिन तासाला पंधरा मिनिटं चालवायचं, बाकी वेळ बंद.

११२५ ला खिंडीच्या खालच्या बाजूला हिमकडा कोसळला. ट्रक त्याखाली गेला. ट्रकमध्ये सहा जण होते.

बेसची टोळी अर्ध्या तासात तिथे पोचली आणि खोदू लागली. जागा दरीच्या वळणात होती. त्यांचा हातातला सेट बेसला ऐकू जात नव्हता. आम्हाला ऐकू येत होता, पण अगदी क्षीण. आणखी एक गोष्ट होती. खोदणाऱ्यांच्या डोक्यावरचा उतार त्यांना स्वतःला दिसत नव्हता. तो दिसत होता फक्त आमच्या पोस्टवरून, दुर्बिणीने. वर बर्फ हलला की पोस्ट सांगणार, प्रकाश ते खाली पोचवणार, टोळी बाजूला होणार. मधला दुवा आमची जीप होती.

बाराला मी इंजिन सुरू केलं. प्रकाशने हात वर केला. इंजिनच्या आवाजात खालचं बोलणं बुडत होतं. मी बंद केलं. पुढचा दीड तास ते बंदच राहिलं. त्या वेळात टोळी दोनदा बाजूला झाली, आणि दुसऱ्यांदा खरोखरच वरून बर्फ आला. एकालाही लागलं नाही. तोवर तीन माणसं बाहेर निघाली होती, तिन्ही जिवंत.

१३२५ ला मी सेल्फ मारला. नुसता टक् आवाज आला. सेटचा दिवा मंद झाला आणि पुन्हा वर आला.

मी खाली उतरलो. दोघांनी मिळून धक्का दिला. त्या उंचीवर, त्या बर्फात दोन माणसांनी जीप हलत नाही. प्रकाश बॉनेटला टेकून वाकला आणि बराच वेळ सरळ झाला नाही. थुंकला तेव्हा बर्फावर गुलाबी फेस पडला.

फुफ्फुसात पाणी झालं की असा फेस येतो. त्यावर खरा इलाज एकच, माणसाला ताबडतोब खाली नेणं. गाडी चालू असती तर हिमकड्यापर्यंत पंचवीस मिनिटं लागली असती. त्याच्या पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती.

बॅटरीत थोडा जीव शिल्लक होता. तारा काढून, टर्मिनल घासून, सेट बंद ठेवून अर्धा तास थांबलो असतो तर कदाचित एकदा इंजिन फिरलं असतं. फिरलं नसतं तर सेटही गेला असता. मी त्याला तसं सांगितलं आणि पाना हातात घेतला.

त्याने माझं मनगट धरलं.

"भाऊ, तिघं अजून खाली आहेत. हात लावू नका."

मी हवालदार, तो नाईक. मी हुकूम देऊ शकत होतो. दिला नाही. हा माझा त्या दोन दिवसांतला दुसरा निर्णय. पहिला मी शेडमध्ये घेतला होता.

छोटा ऑक्सिजन सिलिंडर होता, तो साडेतीनला संपला. प्रकाश प्रत्येक निरोप दोनदा सांगत होता, नियमाप्रमाणे. मधे श्वासासाठी थांबत होता. मी माईक मागितला की मान हलवायचा. खालचा क्षीण आवाज त्याच्याच कानाला उमगत होता. मला नाही. १६०५ ला सहावा माणूस निघाला. १६२२ ला सेट बंद पडला. टोळीतले चौघं स्ट्रेचर घेऊन पायी वर आले ते १७४० ला. खाली नेताना, १८५५ ला, प्रकाश गेला.

शवपेटीसोबत मी त्याच्या गावी आलो. त्याचे थोरले भाऊ देवानंद यांना मी एवढंच सांगितलं की उंचीवर तब्येत बिघडली, खाली आणताना गेले. कागदावरही तेच होतं. बॅटरीचा शब्द ना कागदावर होता, ना माझ्या तोंडी आला.

याला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त होऊन अमडापूरला चिखली रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं आहे.

गेल्या मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास एक जुनी फोर बाय फोर जीप दारात थांबली. देवानंदभाऊ उतरले. जयभीम झाला, चहा झाला. त्यांच्या भागातल्या सात-आठ गावांनी मिळून ही गाडी घेतली होती. पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला की रस्ते तुटतात, बाळंतीण असो की साप चावलेला, दवाखान्यापर्यंत माणूस पोचत नाही. गाडीवर अडकलेलं वाहन दोरखंडाने ओढणारी विंच होती, मोठा दिवा होता, वायरलेस सेट होता, रबरी होडीत हवा भरायचा पंप होता. आता त्यांच्या मंडळींत वाद चालला होता. काही म्हणत होते, दुसरी बॅटरी बसवा. बाकीचे म्हणत होते, कशाला? वजन वाढतं, जास्तीच्या वायरी म्हणजे आगीचं भय, त्यापेक्षा इंजिन चालू ठेवावं.

"तुमी म्हनसान तसं करू," देवानंदभाऊ म्हणाले. "तुमी प्रकाशसंग होते. तुमच्यावर भरोसा आहे."

मी गाडी ठेवून घेतली. दोन दिवस लागतील म्हणालो. दोन दिवसांचं काम नव्हतं. तासाभरात मी सगळ्याचा लोड मोजला होता.

अडचण अशी, की हिशेब सरळ नव्हता. आपल्याकडे तशी थंडी नाही. बॅटरी चांगली असेल तर दिवा आणि वायरलेस तीन तास सहज चालतात. विंच ओढताना इंजिन चालूच असतं. विरोध करणारे अगदीच चूक नव्हते. मग मी दुसरी बॅटरी सुचवणार ती कामासाठी, की त्या शेडमध्ये दिलेल्या उत्तरासाठी? अठ्ठेचाळीस तास मी त्या बॉनेटभोवती फिरलो. आणि इंगळ्यांच्या घरातल्या माणसाला दुसऱ्यांदा बॅटरीबद्दल मत देताना पहिल्या वेळचं लपवून द्यायचं, हे मला जमेना.

तिसऱ्या दिवशी देवानंदभाऊ आले. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. त्यांना स्टुलावर बसवलं. मी उभा राहिलो, कारण अशी गोष्ट बसून सांगता येत नाही. शेडपासून १८५५ पर्यंत सगळं सांगितलं. एकदाही थांबलो नाही.

बाहेर एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "काऊन नाही सांगतलं?"

"हिंमत नव्हती."

ते उठले. मला वाटलं जातील. ते जीपपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले.

मग तसेच पाठमोरे बोलले. रिलेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रकाशचा फोन आला होता, पोस्टवर घरी बोलायला पाळीने दोन-चार मिनिटं मिळणाऱ्या सॅटेलाइट फोनवरून. सारखा खोकत होता. आजारी आहे असं सांगून खाली जाऊ का, म्हणून विचारत होता. पुढच्या महिन्यात त्याचा बढतीचा कोर्स होता. आजारपणाची नोंद झाली तर नाव कटलं असतं.

"मी म्हनलो, दोन दिवस दम धर. एवढ्यात काय होते. हे म्या घरात कोनालेच नाही सांगतलं. आईले बी नाही."

आम्ही दोघं त्या जीपच्या दोन बाजूंना किती वेळ उभे होतो, त्याची वेळ माझ्याकडे नाही. एकमेकांना माफ वगैरे केलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

मग मी त्यांना बॅटरीचं सांगितलं, जसं होतं तसं. एका बॅटरीवर दहातले नऊ दिवस निघतील. दहाव्या दिवशी काय होईल ते मी पाहिलं आहे. बसवायची असेल तर मधे आयसोलेटर हवा, म्हणजे सेट आणि दिवा दुसरीवर चालतील, सेल्फची बॅटरी राखीव राहील. दोन्हींच्या टर्मिनलजवळ फ्यूज हवा, म्हणजे आगीचं भय राहत नाही. वजन वीस किलो वाढेल. पण माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, निर्णय तुम्ही घ्या.

"बसवा," देवानंदभाऊ म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून बसवली. ते बैठक धरत होते, मी बोल्ट आवळत होतो. दोन वाजता सुरू केलं, पावणेसहाला झालं. दिवा आणि सेट एक तास चालू ठेवून मी सेल्फ मारला. इंजिन एका फेरीत लागलं.

हात धुताना त्यांनी विचारलं, शेवटी तो काय बोलला. नऊ वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

स्ट्रेचरवर तो बोललाच नाही. त्याचं शेवटचं बोलणं १६१० च्या आसपासचं. सहावा माणूस निघाल्याचा निरोप त्याने बेसला दिला, पोस्टला दिला, दोनदा. कानावरचा हेडसेट काढून मांडीवर ठेवला. सेटच्या दिव्याकडे पाहिलं. तो विझत आला होता.

"भाऊ, साही जन निघाले," तो म्हणाला. "आता बंद पडला तरी चालते."

तो सेटबद्दल बोलत होता. वय एकोणतीस होतं.