अक्काला आलेला वास

भूतबित म्हटलं की मी आधी फ्यूज तपासतो. घरचे देवाचं नाव घेतात, तेव्हा माझ्या हातात मल्टीमीटर असतो. तरीही हे लिहितोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

बेंगळुरूबाहेर आनेकलजवळच्या एका कॉलेजचा हॉल, रविवारची दुपार, रोबोटांच्या कुस्त्या. मी, ऑफिसातला दोस्त मंजुनाथ आणि आमचा रोबोट 'गुंडू'. दरवर्षी पहिल्याच फेरीत मार खाऊन परतणारे आम्ही यंदा चक्क फायनलला पोचलो होतो! पण आधीच्या फेऱ्यांत गुंडूचे दोन मोटर कंट्रोलर जळाले. बॅटरीचा करंट मोजूनमापून मोटरला देणारा हा भाग — तो गेला की रोबोट म्हणजे नुसता डबा. आता शेवटचा एकच उरला होता. तोही गेला तर खेळ खलास.

कंट्रोलर बनवणाऱ्याला शिव्या घालत आम्ही तो बसवला. मीटरवर सगळं ठीक दिसत होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, बसवनगुडीहून चित्रान्नाचा डबा घेऊन आली होती. ती गुंडूवर वाकली आणि म्हणाली, "अरे, जळका वास येतोय. इथं स्वल्प बघ की." तिचं बोट कंट्रोलरवर नव्हतं, डाव्या मोटरच्या मागे होतं.

आम्ही दोघांनी नाक लावून पाहिलं. काही नाही. मोटरही गार. आणि मग माझ्या अंगावर सरसरून काटा आला — कोविडपासून अक्काला कसलाच वास येत नाही! गॅसवर दूध करपलं तरी शेजारीण येऊन सांगते.

आमचं नाव पुकारलं होतं. मंजुनाथ वेळ नाही म्हणून ओरडत होता, तरी मी मोटर सोडवली. मागच्या दोन्ही वायरींचं प्लास्टिक घासून गेलेलं, उघड्या तारा लोखंडी सांगाड्याला टेकायच्या बेतात. टकरीत धक्का बसला की शॉर्ट, आणि बळी कंट्रोलरचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आम्ही!

टेप गुंडाळली, धावत रिंगणात गेलो. गुंडूने अशी काही धडक मारली की समोरचा पालथा झाला तो उठलाच नाही. जिंकलो हो, जिंकलो! माझा घसा बसला, मंजुनाथ तर रडायलाच लागला.

नंतर मी मुद्दाम एक जळका कंट्रोलर अक्काच्या नाकाशी धरला. मंजुनाथ नाक दाबून मागे सरला. अक्काने दोनदा हुंगलं.

"काहीच येत नाही रे," ती म्हणाली.

मोटरमागे तर काही जळलेलंही नव्हतं. मग तिला वास आला तो कशाचा... मला अजून कळलेलं नाही, तिलाही नाही. जिंकलेला कप मात्र मी तिच्याच हातात दिला.