हिराच्या गोष्टीला मी हूं म्हटलं नाही

शेंगेचं टरफल आबाच्या कपाळाला लागलं.

"हूं कुठं गेलं रं म्हादबा? डोळा लागला व्हय?"

तात्या पारावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आबा, म्हणजे माझा बाप, खाली मातीत, चपलांच्या शेजारी. दिवसभर तात्यांच्याच उसाला पाणी धरून आलेला. डुलकी लागली. तात्यांची गोष्ट अडली. म्हणून टरफल.

आबा हसला आणि म्हणाला, "हूं." अख्खा पार हसला. मीबी हसलो. मिसरूड फुटून जुनं झालेला घोडा मी, तरी हसलो.

आमच्याकडं हुंकाऱ्याशिवाय गोष्ट चालत नाही. एकानं सांगायची, दुसऱ्यानं वाक्यावाक्याला हूं म्हणायचं. हूं थांबलं की सांगणाऱ्याची जीभ जागेवर अडते. आमची मेंढरं होती तेव्हा माझा आज्जा गोष्टी सांगायचा. अशा सांगायचा की मेंढरं चरायची थांबायची, लांडगा ऐकत बसायचा आणि शिकार विसरून उपाशी माघारी जायचा. मग धरणाचं पाणी आलं. चराऊ रानं बुडाली, मेंढरं विकली. आमच्या घराच्या वाट्याला गोष्टीतलं फक्त हूं उरलं. सांगायचं तात्यांनी. पळसदेवच्या अलीकडं आमची वाडी, आणि वाडीतलं सगळं ओलिताचं रान तात्यांचं. आबाचं हूं असं, की पलीकडच्या काठावरच्या म्हशी वळून बघायच्या.

मी वाढवून सांगतो. वाडीला ठाऊक आहे. उजनीत मी ट्रॉलीएवढा मासा धरलाय. त्यानं लेकराबाळांची शपथ घातली म्हणून सोडून दिला. माझ्या बोलण्यातले बारा आणे खुशाल काढून टाका. पण हिराचं सांगतो त्यातलं काही काढू नका.

हिरा माझी थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून घरीच. आबाबरोबर तात्यांच्या रानात जायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, आणि पाण्याच्या मागं मागं मोटारी खाली न्याव्या लागतात. वायर कमी पडली की तिला दुसरी जोडायची, जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळायची. पाइपाच्या तोंडाच्या जाळीत शेवाळ अडकतं. ते काढायला चिखलात कमरेएवढं उतरावं लागतं. हिरा उतरायची.

त्या सकाळी तिनं सांगितलं होतं. माझ्यासमोर. "तात्या, वायरीचा जोड उघडा हाय. पाण्यात पडलाय."

"लाईटच न्हाय तर जोड काय चावतोय? जा, जाळी साफ कर."

हिरा उतरली. लाईट आली. मोटार आपोआप सुरू झाली. हूंऽऽ.

हिरा ओरडलीसुद्धा नाही.

लोक जमायच्या आत तात्यांच्या गड्यानं नवी वायर ओढली. बुडून मेली म्हणून मिटलं. कशी बुडाली? आसरांनी नेली. पाण्यातल्या साती बहिणींनी. तात्यांनी काठावर हिरव्या बांगड्या ठेवल्या, नारळ फोडला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मी जोड बघितला होता, तरी मीबी जोडले. तात्यांच्या रानावरच आमची चूल होती.

पुढच्या उन्हाळ्यात एक संस्था आली. बारामतीहून जीप यायची, जीपमधून बाई उतरायच्या, खांद्याला झोळी, हातात सतरंजी. समाजमंदिरात सतरंजी अंथरायची आणि सगळ्यांनी गोल बसायचं. एकानं आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. मधे बोलायचं नाही. "ऐकल्यानं माणसं जवळ येतात. गोलाला वरचं-खालचं टोक नसतं," बाई म्हणाल्या. बाई मनानं चांगल्या होत्या. पण तात्या जिथं टेकतील तिथं गोलाला आपोआप वरचं टोक फुटायचं, ते त्यांना दिसायचं नाही.

आबा पहिल्यांदा तात्यांच्या बरोबरीनं एका सतरंजीवर बसला. बसला म्हणजे काय, अर्धा सतरंजीवर, अर्धा फरशीवर.

"आबा, तुम्ही सांगा ना काहीतरी," बाई म्हणाल्या.

आबानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. जन्मभर हूं म्हणून म्हणून त्याच्या गळ्याला दुसरा आवाजच ठाऊक नव्हता. कुणीतरी खुदखुदलं.

"त्याला काय येतंय?" तात्या म्हणाले. "मी सांगतो त्याच्याच घरची. हूं म्हण रं म्हादबा."

आणि तात्यांनी हिराची गोष्ट लावली. हिरा कशी देखणी, भर दुपारी केस मोकळे सोडून पाण्याकडं कशी गेली, बुडालेल्या देवळातनं कशी घंटा वाजली, साती जणींनी कशी हाक मारली. "आन् पोरगी हसत हसत पाण्यात चालत गेली."

आबा म्हणाला, "हूं."

पोटच्या पोरीच्या खोट्या मरणाला.

बाईंनी डोळे पुसले. "किती सुंदर लोककथा आहे ही!" असं म्हणाल्या. बारामतीला सगळ्या गावांचा मेळावा आहे, तिथं तात्यांनी ही सांगायलाच हवी, असंही म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबानंही.

त्यानंतर आबा बिघडला. दुपारचं जेवण टाकून काठावर जाऊन बसायचा, मोटारीपाशी. मी भाकरी घेऊन गेलो एकदा. ऊन असं की काठावरचे बगळे उकडून निघाले असते. मोटार चालू, समोर उघडं पडलेलं देऊळ, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि आबा थांबून थांबून म्हणतोय, हूं. हूं.

"आबा, कुणाला हूं म्हणतुयास?"

"हिरी सांगतीया."

मी विचारलं, "काय सांगतीया?"

"जोड उघडा हाय म्हणती." पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "सारखं तेच सांगतीया. कुणी हूं म्हणंना म्हणून परत पयल्यापास्नं सांगतीया."

मी भाकरी तिथंच ठेवली आणि पळालो. खरं सांगतो, पळालो. कारण मोटारीच्या आवाजात मलाबी ऐकू यायला लागलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला आबा गेला. मेळाव्याच्या दिवशी तात्यांनी मला टेम्पोत घेतलं. "बापाची जागा आता तुझी. नीट हूं म्हणायचं, तिथं शहरातली माणसं असत्यात."

बारामतीला मोठा हॉल होता. सतरंज्याच सतरंज्या. मोरगावचा गट, पिंपळीचा गट, आणखी कुठकुठले. बाया, म्हातारी माणसं, सगळी गोल. बाईंनी ओळख करून दिली. तात्यांनी पटका सावरला आणि सुरू केलं. हिरा देखणी. मी हूं म्हटलं, देखणी होतीच. हिरा कष्टाळू. हूं, तेही खरं. हिरा केस मोकळे सोडून पाण्याकडं गेली.

मी गप्प.

तात्या थांबले. त्यांना वाटलं, ऐकू आलं नसंल. परत म्हणाले, "केस मोकळं सोडून गेली."

गप्प.

तात्यांची जीभ अडली. माणूस केवढा, रान केवढं, आणि एका हुंकाऱ्यावाचून पुढं सरकेना. पंखे फिरत होते. पंखेही तोच आवाज करत होते.

"हूं म्हण की! दातखीळ बसली का?"

"न्हाय म्हणत," मी म्हटलं. "केस बांधल्यालं हुतं तिचं. वर पदर खोचल्याला हुता. तुमीच जाळी काढाय लावलं. जोड उघडा हुता तात्या."

बाई घाईनं पुढं झाल्या. "हे बघा, दुसऱ्याची गोष्ट चालू असताना मधे बोलायचं नाही. आपला नियम आहे ना?"

"त्यांची गोष्ट न्हाय ती बाई. माझ्या बहिणीचं मरण हाय."

तात्या हसले. पारावर हसायचे तसंच. "बाई, मनावर घेऊ नका. ह्यो आमच्या वाडीचा थापाड्या. ट्रॉलीएवढा मासा धरलाय ह्यानं! इचारा त्यालाच."

सगळे हसले. मोठ्यानं. त्या हसण्यात मला टरफल लागल्याचा आवाज आला. पण या खेपेला मी हसलो नाही.

"व्हय, मी थापाड्या हाय," मी म्हटलं. "मासा मी काढला. आसरा तुमी काढल्या."

हसू विझलं. मोरगावच्या गटातली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून पुढं सरकली. "कसला जोड रं लेकरा? नीट सांग."

आणि मी सांगितलं. वाढवलं नाही, सजवलं नाही. सकाळ, वायर, ट्यूब, लाईट. इतकी छोटी गोष्ट आयुष्यात कधी सांगितली नव्हती. बाई सतरंजीकडं बघत बसल्या. तात्या उठून गेले.

मला सोडून टेम्पो परत गेला. दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या रानातलं काम बंद, त्यांच्या विहिरीचं पाणी बंद. वाडी म्हणाली, चांगल्या कार्यक्रमाचा इस्कोट केला. पोलिसांत गेलो तर म्हणाले, बुडाल्याचं मिटलंय, उकरू नको. बाईंची जीप परत आमच्या वाडीला आली नाही.

मी इंदापूरला हमाली धरली. जिथं चार माणसं बसलेली दिसतात, एसटीच्या शेडात, बाजारात, लग्नाच्या मांडवामागं, तिथं आधी मासा सांगतो. माणसं हसतात, गोल करून बसतात. एकदा बसली की मग हिरा सांगतो. तात्यांच्या नावासकट.

माणसं म्हणतात, आता पुरे, पोरीच्या जिवाला शांती मिळू दे. का मिळू दे? पाणी मागं सरलं की आजही तशाच वायरी चिखलातनं ओढल्या जातात, आजही कुणाची तरी हिरा जाळी काढायला कमरेएवढी उतरते. हे थांबत नाही तोवर मी तिला झोपू देणार नाही. तात्यांना तर नाहीच नाही.