खोडमास्तर आणि माझा निबंध

खोडमास्तरांच्या हाती पडलेला कागद कधी धड परत येत नसे. आमच्या मुरुम गावात लग्नपत्रिकासुद्धा लोक छापायच्या आधी त्यांना दाखवत, आणि निम्मा मजकूर खोडलेला बघून कपाळाला हात लावत. निजामाच्या अमदानीत ते तहसिलीत अहवाल लिहायचे. पुढं कारकुनी सोडून शाळेत मराठी शिकवू लागले. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

मी सोलापूरला बी.ए.ला होते. 'परकीय भांडवल आणि विकास' हा माझा निबंध कॉलेज विद्यापीठाकडं पाठवणार होतं. निवडला गेला तर शिष्यवृत्ती, शिष्यवृत्ती मिळाली तरच एम.ए., नाहीतर लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं. सुट्टीत मी तो मोठ्या तोऱ्यात मास्तरांपुढं ठेवला.

पहिल्याच ओळीवर पेन्सिल थांबली. "'देशात भांडवल आलं.' आपल्या पायानं चालत आलं व्हय? कुणी आणलं ते लिही की." पुढं 'विकास झाला' असं होतं. "कुणाचा?" 'परकीय कंपन्या मदत करतात' यावर तर ते हसलेच. "शेजारणीनं विरजण दिलं, ती मदत. मग ती रोज वाटीभर दही मागाय लागली, तर तिला मदत म्हणशील का गं?" त्यांनी ते खोडून 'पैसा लावतात आणि नफा नेतात' असं लिहिलं. मला लई राग आला, पण घरी जाऊन निबंध त्यांच्या शब्दांसकट उतरून काढला.

प्राध्यापकांना सगळा निबंध आवडला, तेवढे शब्द सोडून. 'मदत' परत घाल, नाहीतर पाठवणार नाही, म्हणाले. मी रडवेली होऊन मुरुमला आले. वाटलं, मास्तर म्हणतील, अजिबात झुकू नकोस.

"बदल," ते म्हणाले. "शिक्षण मोडू नगंस. मी बी बदलला होता." एका दुष्काळात त्यांनी अहवालात 'उपासमार' लिहिलं होतं. साहेबानं त्याचं 'टंचाई' करायला लावलं. "केलं. टंचाईला कोण धान्य धाडतंय? गाड्या आल्याच न्हाईत. तवापासनं खोडतोय." एवढं बोलून ते आत निघून गेले.

मी शब्द बदलला नाही. निबंध कॉलेजातच राहिला आणि वर्षभरात माझं लग्न झालं. माझं शिक्षण आपल्यामुळं थांबलं, असं मास्तरांनी मनाला लावून घेतलं. माहेरी गेले की ते मला टाळायचे. असेच एक दिवस ते वारले, आणि माझं सांगायचं राहून गेलं. मास्तर, तुमची काही चूक नव्हती. एम.ए. झालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. आणि तो शब्द मी आजही घालणार नाही.