डाव्या कार्बोरेटरवरचा लाल ठिपका

गाडी सर्व्हिसिंग होऊन घरी आली आणि मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे दिसले, तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली. मी एकटाच फिरतो. बायको या गाडीवर आयुष्यात एकदा बसली, टोल नाक्यापर्यंत जाऊन आल्यावर "माझी कंबर गेली" म्हणाली आणि पुन्हा कधी बसली नाही. त्यामुळे मागचे फूटरेस्ट कायम दुमडलेले असायचे. मिस्त्रीकडे गाडी लावतानाही ते दुमडलेलेच होते.

मी वही काढली. गाडी देतानाचा किलोमीटरचा आकडा त्यात लिहिलेला होता. आताच्या आकड्यात आणि त्यात सत्तावीसचा फरक होता.

"ट्रायल घेतली असेल," बायको म्हणाली.

"ट्रायल रंकाळ्याला एक चक्कर मारून होते. सत्तावीस किलोमीटर म्हणजे कुठंतरी जाऊन आलेत."

"मग जाऊ देत की. गाडी चालायलाच असती ना?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं नोकरी करतोय. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून दिवसभर लेबलं तपासायची, आकडे पुन्हा पुन्हा पडताळायचे, हेच माझं काम. माणूस घरी आला म्हणून ती सवय सुटत नाही. मी डॉक्टर नाही, पण पांढऱ्या कोटामुळे गल्लीपासून गॅरेजपर्यंत सगळे मला डॉक्टरच म्हणतात.

गाडी जुनी, दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. पंचवीस वर्षांपूर्वीचं मॉडेल. हिचे सुटे भाग आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. काही पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतात, काही उद्यमनगरात लेथवर बनवून घ्यावे लागतात. आमच्या ग्रुपमध्ये बारा-चौदा जण आहेत आणि बहुतेकांकडे अशाच जुन्या गाड्या आहेत. दर दुसऱ्या रविवारी सकाळी निघायचं, राधानगरी नाहीतर आंबोली करून दुपारी परतायचं. चहाच्या टपरीवर आमच्या गप्पा एकच: कुणाला कुठला पार्ट कुठं मिळाला.

ही गाडी मला ग्रुपमधल्याच एका ज्येष्ठ माणसाकडून मिळाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. एकदा सिग्नलला उभ्या उभ्या त्यांना चक्कर आली आणि ते गाडीसकट खाली पडले. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. त्यांच्या बाईंनी तर गाडी दारात उभी करायलाही नकार दिला. "ठेवली की हे बसणारच," त्या म्हणाल्या. किल्ली माझ्या हातात देताना साहेब एकच वाक्य बोलले, "मन काढून घेतलंय मी." त्यानंतर ग्रुपच्या चहालाही ते आले नाहीत.

गाडीसोबत मिस्त्रीही माझ्याकडे आला. शिवाजी पेठेत एका तालमीच्या बाजूला त्याचं गॅरेज. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पेठेतल्या संघाची फुटबॉलची मॅच असली की शटर खाली, मग कुणाची गाडी अर्धी उघडलेली असो. साहेबांची गाडी तो वीस वर्षं बघत होता.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधी मी बायकोची नेलपॉलिश घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. डाव्या कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीवर बारीक लाल ठिपका दिला. पेट्रोलनं धुताना तो पुसला जाईल, असा विचार करून खालच्या बाजूला सुईनं एक रेघही ओढली. वर येताना जिन्यात शेजारी भेटले आणि हातातली बाटली बघून हसले. मी काही सांगितलं नाही.

गाडी परत आली. ठिपका नव्हता. गुडघ्यावर बसून, मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, रेघही नव्हती. वाटी वेगळी होती. चेन ताणायचे गंजलेले बोल्टही जाऊन तिथं चकचकीत बोल्ट आले होते. आणि किलोमीटर एकोणतीस जास्त.

मिस्त्रीला फोन केला. "कार्बोरेटरचं काय काम केलं?"

"साफ केला."

"बदललं काय काय?"

जरा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "गाडी बरी चालत्याय न्हवं?"

गाडी खरं तर झकास चालत होती. आधी थंडीत सकाळी सुरू व्हायला खोकायची, आता एका दमात उचलत होती. पण त्या क्षणी मला ते दिसलंच नाही. उत्तर देताना तो थांबला, एवढंच मी धरून बसलो. मूळ कंपनीचा, दुर्मिळ कार्बोरेटर काढून त्यानं कुणाला तरी दिला, आणि मला दुसरंच काहीतरी बसवून दिलं, अशी माझी खात्री झाली.

त्या रविवारी आम्ही राधानगरीला गेलो. धरणाच्या अलीकडे टपरीवर चहा घेताना मी सगळं सांगितलं. फूटरेस्ट, किलोमीटर, ठिपका, रेघ. मला एवढं लक्षपूर्वक कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मग प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं.

"माझा आरसा पण बदलल्यासारखा वाटतोय."

"माझी बॅटरी दोन महिन्यांत गेली, तवाच मला डाऊट आलता."

एक जण म्हणाला, "लग्नाआधीच्या फोटोशूटला गाड्या देत असेल बघा. जोडीचे फोटो. म्हणून मागचे फूटरेस्ट उघडे."

हे मला इतकं पटलं की मला स्वतःला कसं सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. त्याच आठवड्यात तिघांनी आपल्या गाड्या त्या गॅरेजमधून काढून घेतल्या. मला मात्र सगळ्यांनी सांगितलं, "तुम्ही लावा अजून एकदा. रंगेहाथ धरा."

क्लचचं निमित्त करून मी गाडी नेऊन लावली. "दोन दिवस बेळगावला चाललोय," असंही सांगितलं. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं आणि फक्त "ठेवा" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी रजा काढली. बायकोची स्कूटर, तोंडाला रुमाल, डोक्यावर तिचंच हेल्मेट. गॅरेजसमोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानाआड उभा राहिलो. चारच्या सुमाराला मिस्त्री माझी गाडी घेऊन बाहेर आला. कोपऱ्यावर थांबला. तिथं हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. तो मागं बसला, पाय फूटरेस्टवर ठेवले, आणि गाडी निघाली. गिऱ्हाईक, मी मनात म्हटलं. मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला, पण एका हातानं स्कूटर चालेना म्हणून बंद केला.

रंकाळ्यावरून ते राधानगरी रोडला लागले. पुईखडीचा चढ गाडी आरामात चढली, माझी स्कूटर रडत रडत. हळदी गाव ओलांडून ऊस सुरू झाला, तिथं एका बंद टपरीजवळ ते थांबले. मीही थोडं मागं, उसाच्या ट्रॉलीआड थांबलो.

मागचा माणूस उतरला. मिस्त्रीनं त्याला हात दिला होता. त्या माणसानं इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावायला म्हणून हेल्मेट काढलं.

साहेब होते.

डोळे मिटून ते ऐकत होते. मग टोक जरा सरकवून पुन्हा ऐकलं. मिस्त्रीला दोन बोटं दाखवली, काहीतरी अजून ढिलं करायचं असावं. मी ट्रॉलीआडून हललोच नाही. एवढं सगळं समोर दिसत असूनही माझ्या डोक्यात काय आलं, तर हे दोघं मिळून करतायत.

तेवढ्यात मिस्त्रीनं मागं न बघताच आवाज दिला, "या की पावणं! रंकाळ्यापासनं आरशात दिसायलाय. बेळगाव ह्या बाजूला आलं काय?"

मी तोंडावरचा रुमाल सोडला. साहेब दचकले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर पाठीमागं लपवला. सत्तरीच्या माणसाला असं काही लपवताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"घरी सांगू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य.

"साहेब, माझा कार्बोरेटर कुठं आहे?" हे माझं.

ते टपरीच्या बाकावर टेकले आणि सांगायला लागले. या गाडीसाठी गेली कित्येक वर्षं त्यांनी सुटे भाग जमवून ठेवले होते. पुण्यातून, कुठून कुठून, तेलकट फडक्यात गुंडाळून माळ्यावर. गाडी विकली पण भाग राहिले. ते मला आणून द्यायचे तर बाईंना कळलं असतं. आमच्या दोघांच्या बायका एकाच योगाच्या वर्गाला जातात, माझ्या घरात काही पोचलं की संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरात पोचणार. म्हणून त्यांनी मिस्त्रीकडून गुपित ठेवायचा शब्द घेतला. माझी गाडी सर्व्हिसिंगला आली की मिस्त्री फोन करायचा. साहेब बँकेत जातो म्हणून निघायचे, झिजलेले भाग काढून आपल्याकडचे बसवायचे, आणि मग मागं बसून एक फेरी. "आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही," ते म्हणाले. "तुमच्या कार्बोरेटरचे आटे गेले होते. माझ्याकडं नवा होता. तो माळ्यावर ठेवून काय करू?"

मी मिस्त्रीकडे वळलो. "मग मला फोनवर का सांगितलं नाही?"

"शब्द दिलता," तो म्हणाला. "आणि तुमीबी मला तोंडावर येऊन इचारलं न्हाईसा. राधानगरीला जाऊन चारचौघांत बोललासा. आठ दिवस झालं कळून मला. तरी गाडी लावून घेतली, का तर साहेबांचं टॅपेट जुळवायचं ऱ्हायलं हुतं."

परत येताना मी पुढं होतो आणि ते दोघं मागं.

गॅरेजमध्ये त्यानं खालचा ड्रॉवर उघडला. माझ्या गाडीचे काढलेले सगळे भाग तिथं होते, प्रत्येकाला कागद बांधलेला, त्यावर गाडीचा नंबर. आणि तरी मी काय करावं? मी कार्बोरेटर उचलला आणि उजेडात धरून लाल ठिपका शोधला. होता. उलटा करून रेघ शोधली. तीही होती. मिस्त्री बघत होता. साहेब दुसरीकडे बघत होते.

"झालं समाधान? आता क्लच घालतो, उद्या गाडी न्या," तो म्हणाला. "फुडं दुसरा मिस्त्री बघा."

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, माझी चूक झाली, मिस्त्रीनं काहीही चोरलेलं नाही, मी खात्री करून घेतली आहे. लगेच विचारणा सुरू झाली. मग ठिपका कुठं गेला? गाडीवर मागं कोण बसत होतं? घरी कळू देणार नाही, या साहेबांना दिलेल्या शब्दामुळं मला यातलं काहीच सांगता येईना. "ते वैयक्तिक आहे," असं लिहिलं, आणि तिथंच माझा घात झाला. "डॉक्टरांना मिस्त्रीनं पटवलेलं दिसतंय," एकानं लिहिलं, खाली हसरे चेहरे. पुढच्या रविवारपासून टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. तिघांपैकी एक जण मिस्त्रीकडे परत गेला. दोघं गेले नाहीत.

गाडीचं काम मी स्वतः करायला लागलो. साहेब दर आठ-दहा दिवसांनी लॅबमध्ये येत. साखर तपासायला, असं घरी सांगून. बोटाला सुई टोचून मी खरोखरच तपासायचो, म्हणजे खोटं नको. मग आम्ही मागच्या पार्किंगमध्ये जायचो आणि ते स्टुलावर बसून मला कुठला नट आधी आणि कुठला नंतर ते सांगायचे. कार्बोरेटरचा फ्लोट मी दोनदा चुकीचा बसवला. दुसऱ्यांदा पेट्रोल सगळ्या फरशीवर पसरलं.

एक दिवस साहेबांच्या पत्नी लॅबमध्ये आल्या. एकट्याच.

"एवढ्या वेळा साखर तपासतात, इतकी वाढल्याय काय?" त्यांनी विचारलं.

मी रिपोर्ट दाखवले. सगळे नॉर्मल. त्यांनी एकेक नीट वाचला आणि पर्समध्ये ठेवला.

"घरी आले की हाताला पेट्रोलचा वास येतो," त्या म्हणाल्या. "चालवत न्हाईत न्हवं?"

"नाही. शपथेवर सांगतो."

त्यांचा विश्वास बसला की नाही ते मला आजही माहीत नाही. जाताना दारात वळून एवढंच म्हणाल्या, "फरशीवर बसू देऊ नका. गुडघे धरतात."

आता लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. साहेब स्वतःच मिस्त्रीकडे गेले आणि माझ्यासाठी बोलले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रीनं एक स्टूल पायानं पुढं सरकवलं. "हितं बसा. काम हुईस्तवर उठायचं न्हाय. हर एक बोल्ट बघायचा." मी साडेतीन तास बसलो. पहिला तास लाजेनं मान वर होईना. नंतर मात्र बघत राहिलो, कारण त्याचा हात खरोखर बघण्यासारखा आहे. मधे त्यानं न विचारता चहा मागवला, मला लागतो तसा बिनसाखरेचा.

ग्रुपला साहेबांनीच पुढं सगळं सांगितलं. ऐकून सगळे हसले, साहेबांच्या पाठीवर थापा मारल्या. पण बोललेलं फिरत राहतं. गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एक बाई ग्रुपमध्ये नव्यानं आल्या. दातांच्या डॉक्टर, गाडी माझ्याच वयाची वाटावी एवढी जुनी, आणि हात एकदम सराईत. राधानगरीच्या वाटेवर थांबलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"शिवाजी पेठेतला तो मिस्त्री पार्ट बदलतो म्हणे. खरं काय?"

"नाही," मी म्हणालो. "ती अफवा मीच उठवली होती. खोटी होती."

"मग उठवली कशाला?"

मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाल्या, "बरं." गाडी त्यांनी सांगलीला दुसऱ्याच मिस्त्रीकडे नेऊन लावली, असं नंतर कळलं.