शेवटच्या रविवारी कोण बोलणार?

त्रिशलाताई गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, ते आठवलं की अजून मान खाली जाते. 'अहो, मग शेवटच्या रविवारचं काय?' पलीकडं ती बिचारी रडत होती आणि मी कार्यक्रमाचं विचारत होतो! ताई असत्या तर हसल्या असत्या. 'सर, तुमच्या काळजीला कधी सुट्टी न्हाय का?' हे त्यांचं मला नेहमीचंच. सकाळी पूजा आटोपून खुर्चीत टेकल्या आणि तशाच गेल्या... आजारपण नाही, निरोप नाही.

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या कलासंग्रहालयाचे कार्यक्रम ताई बघायच्या. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, त्यांचा बिनपगारी मदतनीस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता एक चित्र आणि त्याच्याबद्दल बोलणारा एक माणूस, एवढाच कार्यक्रम. बोलणारा समीक्षक नको, ही त्यांची अट. एकदा कोडोलीच्या एका दूधवाल्या आबांना त्यांनी म्हशीच्या चित्रापुढं उभं केलं. आबांनी चित्र नीट न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, 'म्हस झ्याक हाय, पर धार काढणारा चुकीच्या अंगाला बसलाय. लाथ खाणार ह्यो!' मी कपाळाला हात लावला. ताई टाळ्या वाजवत होत्या. मात्र संपायची वेळ पक्की. ताई जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. बोलणारा कितीही रंगात आलेला असो, उन्हं कलली की खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून त्या उठून उभ्या राहायच्या. नव्या लोकांना तो संग्रहालयाचाच नियम वाटायचा.

येत्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचा कागद त्या स्वतःच्या हातानं लिहून दारावर लावायच्या. त्यावर चित्राचं नाव, तारीख, वेळ. बोलणाऱ्याचं नाव कधीच नाही. 'नाव लावलं की माणूस बिचकतंय, सर. आदल्या दिवशीच पोटात दुखाय लागतंय त्याच्या.' त्यामुळं नावं सगळी त्यांच्या डोक्यात. आता कागदावर पहिलंच चित्र होतं 'घाटावरची बाई', आणि कुणाला बोलावलंय ते सांगायला ताई नव्हत्या. त्यात आमचे नवे साहेब म्हणाले, 'हा रविवार रिकामा गेला तर पुढचे दोन्ही रद्द करू. आता बाई नाहीत, कोण करणार हे सगळं?' त्यांचं तरी काय चुकलं... पण मला अन्न गोड लागेना. वीस वर्षांचं त्यांचं काम माझ्या हातात आलं आणि पहिल्याच महिन्यात ते बुडणार होतं.

तीन आठवडे मी वणवण केली. सुनेकडून ताईंचा मोबाइल घेतला, वह्या चाळल्या. घाटाचं चित्र, म्हणून नृसिंहवाडीला जाऊन फुलं विकणाऱ्या बायकांना विचारलं. पेठ वडगावात ताईंच्या माहेरचे कापडवाले आहेत, त्यांनाही गाठलं. 'पावणं, त्या बाई आमास्नी कायबी बोलल्या न्हाईत की,' एवढंच जिथं तिथं.

रविवार उजाडला. पावणेचारला दालनात आलो, तर शिपाई बापूनं ताईंची खिडकीजवळची खुर्ची सोडून फक्त दहा खुर्च्या मांडलेल्या. माणसं पंचवीसेक आलेली, निम्मी उभी. ताईंच्या खुर्चीवर मात्र कुणी बसलं नव्हतं. चार वाजले, सव्वाचार झाले. साहेबांनी घड्याळात बघितलं. माझा पारा चढला आणि तो निघाला बापूवर.

'बापू, दहाच खुर्च्या? अक्कल आहे का?'

'बाईंनीच सांगितलंतं. ह्या टायमाला धाच मांड म्हनल्या. लई माणसं बघितली की सरांना घाम फुटतोय.'

'कुठल्या सरांना?'

बापू माझ्याकडं बघतच राहिला. 'तुमास्नी की! तुमीच बोलणार न्हवं?'

अख्खा जिल्हा पालथा घातला होता मी, आणि दारातल्या बापूला विचारलं नव्हतं! गेल्या वर्षी याच चित्रापुढं मी ताईंना सांगितलं होतं, की लहानपणी शाळेसाठी पैलतीराला जायचो तेव्हा नाव पलीकडं लागेपर्यंत आई घाटावर अशीच उभी असायची. 'हे चार माणसांना सांगा की,' त्या म्हणाल्या होत्या. 'बघू पुढं,' म्हणून मी टाळलं होतं. आयुष्यभर वर्गात बोललो, पण मोठ्या माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की मी काहीतरी सबब काढतो. ताईंना ते ठाऊक होतं. खूप राग आला त्यांचा... आणि मग दहा खुर्च्यांकडं बघून रडूच आलं.

रुमालानं तोंड पुसलं आणि चित्रापाशी गेलो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. सुरुवातीला नुसता पुटपुटत होतो, 'मोठ्यानं, सर!' असं मागून कुणीतरी ओरडलं. आईच्या हातातली पिशवी सांगितली, उन्हात बारीक केलेले तिचे डोळे सांगितले. साहेब भिंतीला टेकून ऐकत होते. एकदा नाव मधेच अडकली होती, त्या दिवसाचं सांगायला लागलो होतो, तेवढ्यात खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवरचं ऊन खाली उतरलेलं दिसलं. वाक्य अर्धंच टाकून मी थांबलो.

'बोला की सर,' साहेब म्हणाले. 'घाई काय आहे? पुढच्या महिन्याचं आपण नंतर बसून ठरवू.'

'नाही,' मी म्हणालो, 'ताईंची जेवायची वेळ झाली.'