आबांना लिहिलेलं पत्र

मी लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आईवडिलांचा मान कसा राखावा यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीत बोलणारी जाणती माणसं आहेत. मला ते जमलं नाही, तेवढंच मी सांगू शकतो. चुकलं तर माफ करावं.

आमचं गाव जिंतूरकडचं. घरात लिहायला-वाचायला शिकलेला मी पहिला. परभणीला कॉलेजात असताना बाप्तिस्मा घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी सांगून टाकलं. आबा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत. बैलापुढं कडबा टाकत म्हणाले, "देव कोणता बी धर. पन मी मेल्यावर मडकं धरून डोकं करशील का न्हाई, तेवढं सांग."

"आत्ताच मरायलाव का तुमी? भाकर तर खा आधी," माय चुलीपासून ओरडली.

मी एकुलता एक. अग्नी द्यायचा, केस काढायचे, ते माझंच काम. मी नुसता मान खाली घालून जेवलो.

परभणीला परतल्यावर पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "आईबापांचा मान जिवंतपणी राखायचा. मागून कावळ्याला विचारून काय उपयोग?" मला ते फार पटलं. मी आबांना पत्र लिहिलं. ते विधी माझ्या हातून होणार नाहीत, पण तुम्ही आहात तोवर तुमची सेवा करीन, असं. चांगली दोन पानं, सुवाच्य अक्षरात.

आमच्या घरात वाचता येणारा मी एकटाच, आणि मी तर परभणीत होतो. हे पत्र टाकताना ध्यानात आलं नाही.

महिन्याने थोरला चुलतभाऊ ज्वारीचं पीठ घेऊन खोलीवर आला. त्याच्याकडून कळलं, पत्र मास्तरांनी पारावर वाचलं. सगळ्यांसमोर.

"लोक काय म्हणले, दादा?"

"काय म्हनतेत? एक जण म्हनला, आता गोऱ्या साहेबाचा देव येतो का मडकं धरायला. लय हसले."

"आणि आबा?"

"मुंडासं बांधलं अन् शेतात गेले. ताप हाय त्यायला आठ दिवसांपासून. येऊन जा एकदा."

येतो म्हणालो. पण त्या आठवड्यात परीक्षा होती. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगे पेटले, गाड्या बंद झाल्या. कितीक वस्त्यांत लोकांची घरं जळाली, तिथं माझी अडचण ती केवढी. पण दंग्याआधीचा रविवार मोकळा होता, आणि तो मी झोपून काढला. थकलो होतो. तो थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी मी पिशवी भरत होतो. दारात चुलतभाऊ उभा. खाली बसला आणि त्यानं डोक्याचा रुमाल सोडला. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"परवा दहावा झाला," तो म्हणाला. "निरोप कसा धाडावा, गाड्याच न्हवत्या. आबा म्हनले होते, पोराच्या डोक्याला कोनी हात लावू नका. आलं तर जेवू घाला."