पुढच्या सीटखालचा नारळ

"मॅडम, वाट लागली ना माझी," सुनील म्हणाला आणि त्याने हातातला कागद माझ्यापुढे धरला.

कागदावर उंदराच्या तीन लेंड्या होत्या. काळ्या, चकचकीत. एक काडीने दाबून पाहिली तर मऊ. जुनी लेंडी राखाडी पडते, दाबली की भुगा होतो. म्हणजे ही आदल्या रात्रीची. आणि या गाडीत उंदीर नाही असं आठवड्यापूर्वी मीच सही करून लिहून दिलं होतं.

इरा, चिन्मय, तुमच्या कॅम्परमध्ये उंदीर शिरलेत हे फोनवर कळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुमची आजी पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल ऑफिसर होती. कीटक किंवा उंदीर कुठून येतो, कशासाठी येतो हे शोधायचं, आणि मगच औषधाला हात लावायचा, हे माझं काम. रिटायर झाले तरी अडलेली कामं अजून माझ्याकडे येतात.

सुनील परबचं काम तसंच अडलेलं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात दोन वर्षं खपून त्याने एका जुन्या मिनीबसची, तुमच्या कॅम्परसारखीच, राहायची कॅरव्हॅन केली होती. चार बेड, छोटा ओटा, सिंक, बाथरूम. एका टूर कंपनीने ती ट्रायलवर घेतली. दोन कुटुंबांनी उंदराची तक्रार केली. तिसरं कुटुंब शुक्रवारी सकाळी कोकणात निघणार होतं. तिसरी तक्रार आली तर गाडी बंद, असं कंपनीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. आणि आज बुधवार होता.

"विषाच्या वड्या टाका ना मॅडम, सगळीकडे."

"आणि उंदीर प्लायवूडच्या मागे जाऊन मेला तर? वास कुठून येतोय ते शोधायला तुझं सगळं फर्निचर उखडावं लागेल. ती माणसं काय नाक धरून कोकणात जाणार?"

त्याने गाडीचं दार उघडून दिलं.

मी माझी चेकलिस्ट काढली. ओटा, सिंकखालचा पाइप, बाथरूम, बेडखालचे खण, पाण्याच्या टाकीचं झाकण. आठवड्यापूर्वी सगळी भोकं तारेची घासणी कोंबून, वरून सिलंट लावून मी बुजवून घेतली होती. याला आम्ही प्रूफिंग म्हणतो. उंदीर तारेची घासणी कुरतडत नाही. सगळं पुन्हा तपासलं. एकही जागा उघडलेली नव्हती. मग हा आला कुठून?

अशा वेळी उंदरालाच विचारायचं. मी सुनीलला टाल्कम पावडरचे दोन डबे आणायला लावले आणि संध्याकाळी गाडीच्या सगळ्या फरशीवर पातळ थर पसरला.

"मेकअप कुणाचा करताय?" मागून आवाज आला. सुनीलचे वडील, आण्णा. पूर्वी गिरणीत होते, आता गाळ्यावर खुर्ची टाकून बसतात.

"उंदराचा," मी म्हटलं. "उद्या त्याचे पाय बघायला येते."

गुरुवारी सकाळी पावडरवर पाऊलखुणा होत्या, मधोमध शेपटीची बारीक रेघ. पण त्या ओट्याकडून आल्या नव्हत्या. पुढून, ड्रायव्हरच्या केबिनमधून आल्या होत्या, आणि तिकडेच परत गेल्या होत्या.

मी चेकलिस्ट पाहिली. तिच्यात ड्रायव्हरची केबिन नव्हतीच. मी घर तपासलं होतं. गाडी तपासायची राहिली होती.

गुडघे टेकून ड्रायव्हरच्या सीटखाली बॅटरी मारली. वायरिंगच्या भोकाचं रबर कुरतडलेलं होतं. अंगठा जाईल एवढी फट. उंदीर टायरवरून इंजिनात आणि तिथून सरळ आत. त्या भोकाशेजारी लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी हात घातला.

"हात लावू नका, बाईनू!" आण्णा खुर्चीतून उठले. "तो राखणदाराचो मान असा."

राखणदार म्हणजे कोकणातला रक्षक देव. फडक्यात नारळाचं भकल, म्हणजे फोडलेली अर्धी वाटी होती, सोबत थोडे तांदूळ. फडक्याला भोक पडलं होतं.

"दर ट्रिपच्या आधी बाबा नवीन ठेवतात," सुनील हळूच म्हणाला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गाडीत खायचं काय काय असतं ते विचारलंत, मॅडम. हे खायचं थोडंच आहे?"

आण्णांचा आवाज चढला. "गाडी घाटात जाता. काय झाला तर जबाबदार कोण? तुमची पावडर?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी बॅगेतून पिंजरा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "आण्णा, याच्या हुकाला आम्ही काय लावतो, बघा."

त्यांनी पिंजरा डोळ्यांजवळ नेला. हुकाला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा होता. मग मी भकल उलटं करून त्यावरचे दात दाखवले. बारीक, जोडीजोडीने उमटलेले.

आण्णांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या गाडयेत आमीच खोबरा लावला?"

"हो. पण देवाला विसरू नका. नारळ बाहेर फोडा, प्रसाद बाहेरच वाटा. आत तुकडा न्यायचा नाही."

सुनीलने ते भोक पत्रा मारून बंद केलं. मी केबिनचा कोपरान् कोपरा तपासला आणि पिंजरा इंजिनाशेजारी लावला. दुपारी त्यात उंदीर सापडला. तरी संध्याकाळी मी पुन्हा पावडर पसरली. एक उंदीर सापडला म्हणजे एकच होता, असं मी कधी धरत नाही.

शुक्रवारी सकाळी पावडर कोरी होती. एक खूण नाही. सुनीलने स्वतः फरशी पुसली.

सात वाजता ते कुटुंब आलं. आण्णांनी गाळ्याच्या दाराशी नारळ फोडला आणि मालवणी पद्धतीने देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही लेकरा कोकणात चल्ली, सुखरूप जावंदे, सुखरूप येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि उंदरांका ह्या गाडयेची वाट गावूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मी म्हटलं.

प्रसादाचा शेवटचा तुकडा आण्णांनी स्वतः माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाईपर्यंत समोर उभे राहिले.

गाडी चार दिवसांनी परत आली. तक्रार आली नाही. माझ्या चेकलिस्टमध्ये आता पहिलाच प्रश्न आहे: पुढे, ड्रायव्हरजवळ, काय ठेवलं आहे?

तेव्हा तारेची घासणी आणायला नंतर जा. मी पार्सलमधून पाठवलेल्या नारळाच्या वड्या तुम्ही कॅम्परमध्ये नेमक्या कुठे ठेवल्यात, ते आधी कळवा.